अल्बम ड्रमरचा, मग सॅक्सोफोन पुढे का?

प्रश्न : सर नमस्कार, मी भजनी मंडळात तबला वाजवतो. बेळगावात कॉलेजला असलेल्या भाच्याने रॉय हेन्सचा ‘आउट ऑफ द आफ्टरनून’ लावून दिला, म्हणाला मामा हा ड्रमरचा अल्बम आहे, ऐका. सगळा ऐकला, पण पुढे तर सॅक्सोफोनवालाच आहे की ओ! मग ह्यात ड्रमरचं काय, आणि ऐकायचं कसं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : तबला वाजवताय म्हणजे अर्धं काम झालंय बघा. बुवा अभंग म्हणत असतात तेव्हा तुम्ही ठेका धरता, ते थांबले की लग्गी लावता. हेन्स हा अमेरिकन जाझ ड्रमर, तो समोरच्या वादकाच्या थांबण्याची वाट बघत नाही, त्याचं वाक्य चालू असतानाच डाव्या हाताने स्नेअरवर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोन शब्द टाकतो, गप्प बसतो, परत टाकतो, आणि तरी समोरच्याची लय कुठे सांडत नाही. त्या काळी बरेच ड्रमर पायाने हाय-हॅट, म्हणजे एकमेकांवर मिटणाऱ्या दोन झांजा, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर नेमाने मिटवायचे, ह्याने तो नेम सैल केला. माझ्या मते मोठेपण सोलोत नाही, ह्यात आहे.

आता सॅक्सोफोनवाला. तो रोलंड कर्क, डोळ्यांनी दिसत नव्हतं, एकदम दोन-तीन वाद्यं तोंडात धरून वाजवायचा, ह्या अल्बमवर बासरी पण आहे, नाकाने वाजवायची सुद्धा! असा माणूस निवडायचा आणि त्याला मोकळं सोडायचं, हीच लीडरची छाती. मे 1962 मध्ये न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं, तेव्हा हेन्स 37 वर्षांचा, लेस्टर यंग, चार्ली पार्कर ह्या बड्या सॅक्सोफोनवाल्यांबरोबर वाजवून झालेलं, शिवाय सारा व्हॉनसारख्या गायिकेला कितीतरी वर्षं साथ, म्हणजे दुसऱ्याचं ऐकत वाजवायची सवय हाडात मुरलेली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर हेन्री ग्राइम्स. फ्लॅनगन फार नेटका, कर्कच्या वादळानंतर त्याचे स्वर आले की किती बरं वाटतं!

पहिल्यांदा ‘मून रे’ लावा, हेडफोन घालून, आणि कर्ककडे लक्ष न देता फक्त हेन्सचा डावा हात शोधा. मग ‘स्नॅप क्रॅकल’, ते हेन्सने स्वतः रचलंय, त्याचं टोपणनावही तेच होतं, का ते त्या कडकडीत स्नेअरवरून लगेच कळेल. लगेच तबल्यावर उतरवायला जाऊ नका, आधी नुसतं ऐका, कुठे अडलं तर परत लिहा.