निळ्या जोडीला काळी पिल्लं झाली, तर बिघडलं काय?

पलूस तालुक्यात भिलवडीजवळच्या एका शेतकऱ्याने लिहिलं आहे: "साहेब, हौसेनं निळसर राखी रंगाच्या बदकांची जोडी आणली. नर निळा, मादीही निळी. खुडूक कोंबडीखाली दोनदा अंडी बसवली. १९ पिल्लं निघाली, त्यात ९ निळी, ६ काळी आणि ४ मळकट पांढरी. विकणाऱ्यानं फसवलं, की शेजारच्या काळ्या नरानं घोटाळा केला? काळी-पांढरी बाजारात काढून निळीच ठेवावीत म्हणतो."

तुम्हाला कुणी फसवलेलं नाही, आणि शेजारच्या नरावर आळ घेण्याचंही कारण नाही. निळ्या जोडीच्या पोटी हेच यायला हवं होतं. बाजारात काढू म्हणता ती दहा पिल्लं मात्र काढू नका. तुमच्या कळपातली सर्वांत कामाची पिल्लं तीच आहेत.

बदकातला निळा हा स्वतंत्र रंग नाही. काळ्या शाईत पाणी घातल्यासारखा तो प्रकार आहे. काळा रंग फिका करणारं एक जनुक असतं. त्याची एक मात्रा असेल तर पक्षी निळा-राखी दिसतो. दोन मात्रा असतील तर शाई इतकी पातळ होते की पक्षी जवळपास पांढरा, अंगावर राखी झाक असलेला निघतो. एकही मात्रा नसेल तर तो काळाच. तुमच्या नराकडे एक मात्रा, मादीकडे एक. पिल्लाला दोघांकडून मिळूही शकते, नाहीही. दोन नाणी एकदम उडवल्यासारखं ते आहे. म्हणून साधारण चौथा हिस्सा काळी, निम्मी निळी आणि चौथा हिस्सा मळकट पांढरी पिल्लं येतात. तुमची १९ पिल्लं या हिशोबात अगदी चपखल बसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की निळा रंग कधीच 'पक्का' होत नाही. दहा पिढ्या निळ्याला निळा लावत बसलात तरी निम्मीच पिल्लं निळी मिळणार. "आमच्याकडे शंभर टक्के निळी देणारी निळी जोडी आहे" असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा. दुसरी गोष्ट फायद्याची. मळकट पांढरा नर आणि काळ्या माद्या (किंवा उलट) एकत्र ठेवल्या की प्रत्येक पिल्लू निळं निघतं. एकाकडून एक मात्रा हमखास येते, दुसऱ्याकडून येतच नाही. आता सांगा, ती दहा पिल्लं बाजारात काढायची का?

इथे एक धोका आहे. मळकट पांढरं बदक आणि आपलं पेकिनसारखं दुधी पांढरं बदक लांबून सारखंच वाटतं, पण आत फार फरक आहे. पेकिनचा पांढरा हा पडदा आहे. त्याच्यामागे काळा, तपकिरी, रानटी, कोणताही रंग दडलेला असू शकतो. पांढऱ्या पेकिनला काळं बदक लावलं तर पहिल्या पिढीत बहुतेक रंगीतच पिल्लं येतात, कुणाच्या छातीवर पांढरा डाग असतो. त्या पिल्लांची आपसात जोडी लावली की चौथा हिस्सा पांढरी पुन्हा उगवतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण रंगांनाही लागू आहे. पण पोहऱ्यात दिसत नाही म्हणून आडात नाही, असं मात्र समजू नका. म्हणूनच पेकिनला या प्रयोगात सध्या घेऊ नका.

कराडहून आलेला प्रश्न: "चॉकलेटी नर काळ्या माद्यांत सोडला. झालेली सगळी नर पिल्लं काळी, सगळ्या माद्या चॉकलेटी. आता चॉकलेटी नर कसा मिळवू?"

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण या शेतकऱ्याने पिल्लांचं लिंग आणि रंग दोन्ही लिहून ठेवले होते. नुसतं "काही काळी, काही तपकिरी" लिहिलं असतं तर हा धागा हातात लागलाच नसता.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत ते मादीकडून ठरतं. चॉकलेटी रंगाचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेलं आहे. नराकडे अशी दोन गुणसूत्रं असतात, मादीकडे एकच, आणि ते एक ती फक्त आपल्या मुलाला देते. म्हणजे लेकीला हा रंग मिळायचा तर बापाकडूनच मिळतो. शिवाय तिच्याकडे झाकायला दुसरं गुणसूत्र नसल्यामुळे तो लगेच दिसतो. मुलाला मात्र आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तुमच्या काळ्या माद्यांनी मुलांना काळाच दिला, म्हणून मुलगे काळे दिसले. पण ते सगळे आत चॉकलेटी बाळगून आहेत.

पुढचा मार्ग असा. यातला काळा नर घ्या आणि त्याला चॉकलेटी मादी लावा. निम्मे नर आणि निम्म्या माद्या चॉकलेटी मिळतील. फक्त नर आणि मादी एकाच आईची घेऊ नका. सख्ख्या भावा-बहिणीच्या जोडीत रक्ताची जवळीक २५ टक्के धरतात, बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर ती १२.५ टक्क्यांवर येते. बाप-लेक ही जोडीही २५ टक्क्यांचीच. एकदा केली म्हणून आकाश कोसळत नाही, पण दरवर्षी तेच केलं तर अंडी नापीक निघायला लागतात, पिल्लं कवचातच मरतात, आणि शेतकरी दोष देतो उबवणी यंत्राला. सर्वांत चांगलं म्हणजे बाहेरून नात्यात नसलेला चॉकलेटी नर आणून तुमच्या चॉकलेटी माद्यांना लावा. सगळी पिल्लं चॉकलेटी येतील.

याच हिशोबाचा आणखी एक उपयोग आहे. चॉकलेटी नर आणि काळ्या माद्या ही जोडी कायम ठेवली, तर पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी नर-मादी कळते. गडद तो नर, चॉकलेटी ती मादी. अंड्यांसाठी माद्या विकणाऱ्याला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. अन्यथा दोन महिने थांबून आवाज ऐकावा लागतो. मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा राहतो. नराच्या शेपटीवरची वळलेली पिसं त्याहूनही उशिरा येतात.

चॉकलेटी नर कुठून आणायचा, असं विचाराल. आपल्याकडे सहज मिळणारा खाकी कॅम्पबेल हा त्याच जनुकाचा मालक आहे. त्याच्या अंगावर खालचा नक्षीचा रंग वेगळा असल्यामुळे तो चॉकलेटी न दिसता खाकी दिसतो, इतकंच. ही जात अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात १९०० च्या सुमारास तयार केली. तिच्यात 'इंडियन रनर' या बदकाचंही रक्त आहे, आणि ते बदक नावाने इंडियन असलं तरी मूळचं इंडोनेशियाच्या बेटांवरचं. बाईंना खरं तर जास्त अंडी हवी होती, रंग ओघाने आला. आजही चांगली सांभाळलेली खाकी कॅम्पबेल मादी वर्षाला २८० ते ३०० अंडी देते. रंगाच्या मागे लागताना हा आकडा डोळ्यांपुढे असू द्या. दिसायला देखणी पण महिन्याला दहाच अंडी देणारी मादी पैदाशीला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंग पाहायचा कधी? याबद्दल कुणी विचारलं नाही, पण चुका इथेच होतात. चॉकलेटी, खाकी, बदामी हे रंग उन्हात उडतात. माण-खटावच्या एप्रिलमध्ये पाहिलेला पक्षी आणि पिसं झडून नवी आल्यावर पाहिलेला तोच पक्षी ओळखू येत नाही. हिरव्या डोक्याचे नर तर पिसं झडण्याच्या काळात काही आठवडे मादीसारखे मळकट दिसतात. काळ्या माद्यांत वय वाढेल तशी पांढरी पिसं डोकावतात, तो दोष समजून चांगली मादी काढून टाकू नका. निवड करायची ती नवी पिसं पूर्ण भरल्यावर, सकाळच्या उजेडात, आणि पंख उघडून.

खिलार घेताना आपण काय करतो? कोसा रंग आवडला तरी आईबाप विचारतो, शिंग-खूर बघतो. बदकाच्या बाबतीत आईबाप कागदावरच असतात. म्हणून एका नरामागे ५ ते ६ माद्या असा प्रत्येक गट वेगळ्या कुडात ठेवा. नर बदलला तर पुढचे तीन आठवडे अंडी खायला वापरा, बसवू नका, कारण आधीच्या नराचं बीज मादीच्या पोटात टिकून असतं. अंड्यावर शिसपेन्सिलीने गटाचा नंबर आणि तारीख लिहा. बदकं बहुतेक पहाटे ते सकाळी नऊच्या आत अंडी देतात, तोवर त्यांना बाहेर सोडू नका, नाहीतर अंडी उसात शोधत बसाल. पिल्लाला खूण करायची तर पंजाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, ते पशुवैद्यकाकडून एकदा शिकून घ्या. मी स्वतः पूर्वी पिल्लांच्या पायात प्लास्टिकची पट्टी आवळली आणि विसरलो. पाय वाढला, पट्टी वाढली नाही, आणि दोन पिल्लं लंगडी झाली.

आणि नोंदवही शेडमध्ये ठेवू नका. भिलवडीकरांना २०१९ आणि २०२१ चं कृष्णेचं पाणी मी वेगळं सांगायला नको. पानांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यात.

खुडूक कोंबडीखाली बदकाची ८ ते १० अंडी पुरेत. ती २१ नव्हे, २८ दिवस बसते, म्हणून जवळच दाणापाणी ठेवा आणि बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवांचा बंदोबस्त करा. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नका. अशा पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे तळ्यात उतरू देऊ नये. आईबदकाच्या पिसांचं तेल त्यांना लागलेलं नसतं, ती भिजतात आणि गारठून मरतात. कोंबडी बिचारी काठावरून ओरडत राहते, तिचं पाण्यात चालत नाही. पिण्याचं भांडं मात्र इतकं खोल हवं की नाकपुड्या बुडवून धुता येतील.

खाद्याबाबत एकच गोष्ट सांगतो, पण ती पाळाच. आपल्या भागात शेंगदाणा पेंड आणि मका भरपूर, म्हणून बदकांना तेच घातलं जातं. त्यावरच्या बुरशीचं विष बदकाच्या पिल्लाइतकं क्वचितच कुणाला बाधतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष जगाला कळलं. पुढे ते तपासायला प्रयोगशाळेत बदकाचं पिल्लूच वापरत. पावसाळ्यात कुबट वास आलेली पेंड म्हशीला चालते म्हणून बदकाला टाकू नका. खरं तर म्हशीलाही टाकू नका.

मिरजेचा प्रश्न, डोक्यावर तुरा असलेल्या बदकांविषयी: तुरेवाल्याला तुरेवाला लावू नका. तुऱ्याचं जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लू कवचातच मरतं, म्हणजे चौथा हिस्सा अंडी हकनाक जातात. एकाच बाजूने आलं तरी काहींच्या कवटीत दोष राहतो. मी तरी हा नाद करायला सांगणार नाही.

मस्कोव्ही बदकाचा रंग गावठी बदकात आणता येईल का? नाही. मस्कोव्ही मूळची दक्षिण अमेरिकेची, वेगळीच जात. संकर होतो, मांसाला चांगलाही असतो, पण खेचरासारखा वांझ निघतो.

मायणी तलावाच्या बाजूने आलेलं एक पत्र मात्र काळजीचं आहे. "शेताच्या कडेला गवतात हळदी-कुंकू बदकाची अंडी सापडली, कोंबडीखाली बसवून पाळीव बदकात मिसळू का?" चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाजवळ कुंकू लावल्यासारखं ते बदक कुणालाही मोह घालेल. पण ते रानपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, अंडी उचलणं हाही गुन्हाच. अंडी असतील तिथेच राहू द्या आणि चार दिवस त्या बांधावर कोळपणी करू नका. दुसरी बाजूही बघा. आपलं गावठी बदक आणि हळदी-कुंकू यांचा संकर होऊ शकतो, आणि तो वांझ नसतो. तुमचे रंगीत नर तलावात मोकळे सोडलेत तर बिघाड रानातल्या पक्ष्यांत जाईल. उलट रानपक्ष्यांकडून बर्ड फ्लूसारखे रोग तुमच्या कळपात येतील. बदकं एकाएकी मरायला लागली तर मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बदकांच्या प्लेगची लस पिल्लं ८ ते १२ आठवड्यांची असताना देतात, तिचीही तिथेच चौकशी करा.

जतहून विचारलंय की रंगीत बदकाला भाव किती मिळेल. ठरलेला बाजार नाही, हौशी गिऱ्हाईक असतं. माडग्याळ मेंढीच्या नाकाच्या बाकावर लाखांची बोली लागलेली तुम्ही जवळून पाहिली आहे. ती बोली दोन-चार मेंढ्यांना लागते, बाकीचा कळप वजनावरच विकला जातो, हेही पाहिलं असेल. घरखर्च अंड्यांवर चालेल असा कळप ठेवा आणि त्यातला एकच गट रंगासाठी राखा.

आता पुन्हा भिलवडी. तुमच्या चार मळकट पांढऱ्या पिल्लांत एक तरी नर असेल. दोन महिन्यांनी आवाजावरून ओळखा. त्याला तुमच्याच काळ्या माद्या लावू नका, त्या त्याच्या सख्ख्या बहिणी आहेत. कराडच्या शेतकऱ्याकडे नात्यात नसलेल्या काळ्या माद्या आहेत, आणि त्यांनाही बाहेरचं रक्त हवंच आहे. दोघांची हरकत नसेल तर तुमचे फोन नंबर एकमेकांना कळवतो. पक्षी आणले की तीन आठवडे वेगळे ठेवा आणि पहिल्या बॅचचे आकडे, नर-मादी धरून, मला पाठवा.