दोनशे तासांनंतर पुढे काय?

प्रश्न : कमर्शियल पायलट लायसन्स नुकतंच मिळालं. लॉगबुकात दोनशेच्या थोडे वर तास आहेत. जिथे शिकले तिथेच प्रशिक्षकाची नोकरी मिळतेय, पण मित्रमंडळी म्हणतात, पदरच्या पैशाने टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) कर आणि थेट जेटच्या मागे लाग. लहान विमानांवर दोन-तीन वर्षं घालवली तर मी मागे पडेन का?
– एक वाचक

उत्तर : नोकरी घे. हातात नोकरी नसताना केलेल्या टाइप रेटिंगची मुदत घरी बसून संपते आणि हातही बिघडतो, हे मी पाहत आले आहे. विमान कंपनी नवशिक्यांना घडवते अशा नियोजनबद्ध कॅडेट योजनेतून थेट जेटवर आलेले उत्तम सहवैमानिक माझ्या शेजारी बसले आहेत, त्यामुळे तो रस्ता वाईट म्हणणार नाही. पण तुझ्यासमोर आज ती योजना नाही.

मी स्वतः प्रशिक्षक होते. विद्यार्थी धावपट्टीवर टेकताना नाक उशिरा उचलतो, विमान खाली बसू लागतं, आणि आपण ठरवायचं असतं : अजून क्षणभर थांबू की कंट्रोल हातात घेऊ? लवकर घेतले तर तो शिकत नाही, उशीर केला तर चाकं आपटतात. तो अंदाज हळूहळूच येतो. पुढे कॅप्टन झाल्यावर नव्या सहवैमानिकाला लँडिंग देताना मला तोच कामी आला. शिवाय लहान विमानात निर्णय तुझा असतो. ढग खाली आलेत, परत फिरायचं का, हे विचारायला शेजारी अनुभवी कॅप्टन नसतो.

1983 साली एअर कॅनडाच्या बोइंग 767 चं इंधन हवेतच संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन ग्लायडरही चालवत. कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरताना उंची जास्त उरली, तेव्हा त्यांनी साइडस्लिप करून, म्हणजे विमान तिरकं धरून घसरवत, ती घालवली. सगळे वाचले. साइडस्लिप तू आत्ता ज्या विमानांवर आहेस, तिथेच शिकतात.

एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनचा कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार किमान 1500 तास लागतात. मात्र निरभ्र सकाळी त्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालून ते भरू नकोस. आडव्या वाऱ्याचे दिवस मागून घे. रात्रीची, अनोळखी विमानतळांवरची उड्डाणं घे. बाहेर न बघता फक्त उपकरणांवरून उडण्याचा, इन्स्ट्रुमेंटचा सराव सोडू नकोस. दरम्यान टर्बोप्रॉपवर (पंख्याच्या, जेटहून लहान प्रवासी विमानावर) जागा निघाली तर लगेच अर्ज कर. जेटची वाट बघत ती नाकारू नकोस.