खुनाच्या बातम्यांची ओढ लागली आहे आणि त्याची लाजही वाटते. मी विकृत आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरातले झोपल्यावर तुम्ही खुनाच्या बातम्यांचे व्हिडिओ एकामागून एक बघता आणि फोन बंद केल्यावर स्वतःचीच किळस येते. विकृत नाही आहात तुम्ही. पण ती लाज झटकून टाकू नका, असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्याची. १९७६ साली सहा वर्षांची होते. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरातली तीन माणसं मारली गेली आणि १ डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांकडची पाच. दिवेलागण झाली की लोक दारं लावून घ्यायचे. माझी आई ओळखीचा आवाज आला तरी दोनदा "कोण?" विचारल्याशिवाय कडी काढत नसे.

पुढे मारेकरी कॉलेजातली मुलं निघाली, खटला उभा राहिला आणि वर्तमानपत्रांत त्याचे तपशील रकानेच्या रकाने भरून येऊ लागले. घरात ते अंक आमच्यापासून लपवत, पण रद्दी शेवटी फडताळातच जायची. डब्यांखाली अंथरलेल्या कागदावर माफीच्या साक्षीदाराची जबानी होती. साखरेचा डबा सरकवून अर्धा रकाना, डाळीचा सरकवून उरलेला, असं मी ते सगळं वाचून काढलं. नायलॉनच्या दोरीबद्दलचं एक वाक्य घडीत गेलं होतं, तर ती घडीही उलगडली. पावलं वाजली की डबा पुन्हा जागेवर. तेव्हा तुमचं ते लपूनछपून बघणं मला चांगलं ठाऊक आहे.

ती ओढ भीतीपोटी होती. कसं घडलं ते इत्थंभूत कळलं की आपल्याकडे तसं घडणार नाही, असं वाटायचं. मोठ्यांचंही तेच असतं. खुनाची बातमी आली की "दार कुणी उघडलं?" हे आधी विचारलं जातं. यात लाजण्यासारखं काही नाही.

लाज मला वाटली ती पुढे, संस्कृत घेऊन एम. ए. करताना. व्याकरणाचा एक कोश हवा होता. ग्रंथालयातल्या काकांनी जाडजूड ग्रंथ आणून टेबलावर ठेवला. लेखक काशीनाथ वासुदेव अभ्यंकर. पान उलटायला हात पुढे होईना. या माणसाचा जीव कसा घेतला ते मला तोंडपाठ होतं, आणि त्यांनी आयुष्यभर काय केलं ते मला त्या टेबलाशी कळत होतं. त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईही त्याच रात्री मारल्या गेल्या. त्यांचं तर मला आजही फक्त मरण माहीत आहे.

एवढं होऊनही २००८ साली मी त्याहून वाईट वागले. १६ मे रोजी नोएडात आरुषी तलवारचा मृतदेह सापडला आणि पहिला संशय घरात काम करणाऱ्या हेमराजवर गेला. जेवताना मीच म्हणाले, "नोकरच असणार, दुसरं कोण?" दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह मिळाला. त्याच्याबद्दल हळहळायलाही न थांबता मी मुलीच्या आईबापांकडे वळले. टीव्हीवरच्या मुलाखतीत आई रडली नाही, एवढ्यावर मी तिला दोषी ठरवून मोकळी झाले. वाहिन्या रोज नवा तर्क काढत होत्या आणि मी तो बसमध्ये, बारशाला, जिथे जाईन तिथे चघळत होते.

२०१३ मध्ये त्या दोघांना जन्मठेप झाली, तेव्हा "मी म्हटलंच होतं" असंही म्हणाले. १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांची निर्दोष सुटका केली. खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी खालच्या न्यायाधीशांबद्दल लिहिलं की त्यांनी गणिताच्या मास्तरासारखे आकडे गृहीत धरून उदाहरण सोडवलं, आणि सिनेमाच्या दिग्दर्शकासारखा विखुरलेल्या गोष्टींचा मेळ बसवला. वाचताना कानशिलं तापली. त्या न्यायाधीशांसमोर निदान साक्षीपुरावे तरी होते. माझ्यासमोर काय होतं? एका बाईचे कोरडे डोळे.

या बातम्या मी सोडलेल्या नाहीत. सोडीन असं वचन तुम्हीही स्वतःला देऊ नका, आठवडाभरात मोडेल. मी एवढंच करते की तपास चालू असेतो टीव्हीवरच्या चर्चा बघत नाही. तपास चालू असताना माध्यमांनी खटला चालवला तर न्यायदानात ढवळाढवळ होते, हे मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ च्या निकालात सांगितलंच आहे. मग निकालपत्र आलं की ते वाचते. बरीचशी न्यायालयांच्या संकेतस्थळांवर मिळतात. रटाळ असतात, तारखा आणि पंचनाम्यांनी भरलेली, पण कसं घडलं हे जाणून घ्यायची भूक त्यांनी भागते. पुष्कळदा असंही दिसतं की शेवटपर्यंत कुणालाच सगळं कळलेलं नाही.

तुम्ही सध्या जे प्रकरण बघताय त्याचं आरोपपत्र येईपर्यंत थांबून बघा. तोवर फारच ओढ वाटली, तर गेलेल्या माणसाबद्दल काही वाचायला मिळतंय का ते शोधा. मी हल्ली तिथूनच सुरुवात करते. कित्येकदा दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही.