तेर, भोकरदन आणि अजिंठ्याच्या मागावर युरोप: शहरे कोणती आणि कोणत्या क्रमाने?

इतिहास विभागाच्या आठ विद्यार्थ्यांना घेऊन आपण मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून निघणार आहात आणि चौदा दिवसांत लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना व रोम पाहण्याचा बेत आपण मांडला आहे. माझे मत स्पष्ट आहे: मधली तिन्ही शहरे गाळावीत आणि त्यांच्या जागी एकच नवे शहर घ्यावे, ते म्हणजे नेपल्स.

अभ्यासदौऱ्यातले शहर त्याच्या नावलौकिकावरून नव्हे, तर तिथे आपल्या प्रश्नाशी निगडित काय आहे यावरून ठरवावे. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात १९३८ साली पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते नगर गाडले गेले, म्हणजे ती त्यापूर्वीच तिथे पोहोचली होती. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. सातवाहनकालीन व्यापार शिकवताना आपण ज्या तगर (आजचे तेर) आणि प्रतिष्ठान (आजचे पैठण) या नगरांची नावे घेतो, त्यांच्या काळातील रोमशी असलेल्या संबंधांचा इतका ठळक पुरावा विद्यार्थ्यांना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. पॉम्पेईसाठी मात्र पूर्ण दिवस ठेवा आणि तिकिटे आधीच काढा. ती नावानिशी मिळतात, म्हणून पासपोर्ट सोबत असू द्यावा.

लंडनचे कारण अजिंठा. ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या तिथल्या चित्रप्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या १८६६ च्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. मूळ भित्तिचित्रांची पुढे जी झीज झाली ती मोजायला या प्रतिकृती फार मोलाच्या आहेत, पण सगळ्या दालनात मांडलेल्या नसतात. त्यामुळे संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून हवे ते नोंदणी क्रमांक काढून, अभ्यासाचा हेतू लिहून, काही महिने आधी पत्रव्यवहार करावा. नेपल्सलाही असेच विचारून ठेवावे, कारण अशा वस्तू प्रदर्शनांसाठी बाहेर जातात. ते संग्रहालय मंगळवारी बंद असते, हे दिवस लावताना ध्यानात ठेवा.

आता क्रम. आधी लंडन, तिथून विमानाने नेपल्स, मग रेल्वेने तासासव्वातासात रोम आणि रोमहून मुंबई. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा, वेगळा असतो. लंडन दौऱ्याच्या मधोमध घातले तर शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. वरच्या क्रमात एका प्रवेशाचा पुरतो आणि संपूर्ण शेंगेन मुक्काम इटलीत असल्याने अर्जही इटलीकडेच करायचा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून; अर्जाच्या काळात पासपोर्ट अडकून पडू शकतो, म्हणून आधी शेंगेन उरकावे. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे पालक शेतकरी आहेत, तेव्हा खर्चाच्या पुराव्याकडे विशेष लक्ष द्यावे. सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, पालकांचे खर्च उचलण्याचे पत्र, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि सहा महिन्यांचे बँक विवरण जोडावे. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर ती कुठून आली हे लेखी दाखवावे लागते. कापूस किंवा सोयाबीन विकल्याची पट्टी अशा वेळी उपयोगी पडते.

तिकीट मुंबई–लंडन आणि रोम–मुंबई असे एकाच आरक्षणात ‘मल्टी-सिटी’ पद्धतीने काढावे. शेंगदाण्याची चटणी नेता येईल. कुंथलगिरीचा पेढा मात्र नको, कारण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

निघण्यापूर्वी एका शनिवार-रविवारी मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात आणि अजिंठ्याला न्या. तेरच्या हस्तिदंती मूर्तीची केशरचना, दागिने, उभे राहण्याची ढब यांची टिपणे आणि रेखाटने प्रत्येकाने स्वतः करावीत आणि तीच वही नेपल्सला सोबत ठेवावी.