कोर्टाची पायरी : ज्युडीबाई खऱ्या जज आहेत का?

प्रश्न : ताई, माझा भाचा रोज यूट्यूबवर ‘जज ज्युडी’ बघतो. काळा झगा, त्यावर पांढरी लेसची कॉलर घातलेल्या बाई पक्षकारांना झापतात आणि दहा मिनिटांत निकाल देतात. भाचा म्हणतो, त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहेत. खरं का?
— एक वाचक, कराड

भाच्याला रागावू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत खुद्द अमेरिकेतल्या जवळजवळ १० टक्के पदवीधरांनी हीच चूक केली होती. ज्युडीबाई, म्हणजे ज्युडिथ शाइंडलिन, सर्वोच्च न्यायालयात कधीच नव्हत्या. पण जज मात्र खऱ्या होत्या, आणि माझ्या मते त्यांची खरी नोकरी टीव्हीवरच्या नोकरीपेक्षा ऐकण्यासारखी आहे.

जन्म १९४२चा, ब्रुकलिनमधला. वडील दातांचे डॉक्टर. १९६५ मध्ये कायद्याची पदवी घेतली, एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत वकिली केली, मग मुलं झाली म्हणून घरी बसल्या. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयात सरकारी वकील म्हणून उभ्या राहिल्या. तिथे मारहाण झालेली मुलं, चोरी करताना सापडलेली पोरं, पोटगी बुडवणारे बाप, असं रोजचं काम. १९८२ मध्ये महापौर एड कॉच यांनी त्यांना न्यायाधीश नेमलं आणि १९८६ मध्ये त्या मॅनहॅटनच्या कौटुंबिक न्यायालयाच्या प्रमुख झाल्या. निवृत्त होईपर्यंत २०,००० वर प्रकरणं हातावेगळी केली होती. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्यावर मोठा लेख छापला, मग ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्हीवरच्या बातमीपर कार्यक्रमाने त्या दाखवल्या, आणि १९९६ च्या सप्टेंबरात ‘जज ज्युडी’ सुरू झाला. म्हणजे टीव्हीवर आल्या तेव्हा बाईंची चोपन्नावी सुरू होती. आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनचा हिशेब मांडायला लागतो.

प्रश्न : मग तो खटला खरा की नाटक? हरलेला माणूस खरंच पैसे भरतो का?
— एक वाचक, सांगली

मी ३१ वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. २०११ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत एडिसनला सहा महिने होते. दुपारी चारला बाळ झोपलं की मी हा कार्यक्रम लावायचे. हात सवयीने वाणसामानाच्या यादीवर पिटमनच्या लघुलिपीच्या रेघा ओढायचा. तारीख नाही, तहकुबी नाही, ‘वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, साहेब’ नाही. मला वाटायचं, ही स्वप्नातली कचेरी आहे.

जावयाने मग गुपित सांगितलं. ती कचेरी म्हणजे लॉस एंजेलिसमधला स्टुडिओ. मागे बसलेले प्रेक्षक पैसे देऊन आणलेले. वाद मात्र खरे : ठिकठिकाणच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टांत दाखल झालेल्या प्रकरणांतून कार्यक्रमाची माणसं ते शोधून काढत. दोन्ही पक्ष लिहून देत की कोर्टातला दावा मागे घेतो आणि ज्युडीबाई सांगतील ते मान्य. कायद्याच्या भाषेत हा लवाद. रक्कम जास्तीत जास्त ५,००० डॉलर, तेव्हाच्या भावाने सव्वादोन लाखांच्या आसपास. आणि ती रक्कम भरायची कार्यक्रमाने! हरणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नसे. उलट दोघांनाही विमानाचं तिकीट, हॉटेल आणि हजेरीचे पैसे. चारचौघांत बोलणी खायची एवढीच काय ती शिक्षा. एवढे लोक हौसेने तिथे का जातात, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं.

लवादाला कुंपण असतं, हेही लक्षात घ्या. एका जोडप्याचा वाद सामानसुमानाचा होता. बाईंनी त्याच ओघात मुलांचा ताबा आणि भेटीगाठींबद्दलही निकाल देऊन टाकला. न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. मुलांचं भवितव्य स्टुडिओत ठरत नाही.

प्रश्न : त्या ज्या भाषेत पक्षकारांना बोलतात, ती तुम्हाला पटते का?
— एक वाचक, लातूर

अर्धी पटते. बाई कागद मागतात. पावती कुठे, करार कुठे, मोबाइलवरचा संदेश दाखव. ‘ती मला म्हणाली होती की…’ असं कुणी सुरू केलं की तिथेच तोडतात, ऐकीव पुरावा चालत नाही म्हणून. हे मला फार आवडायचं. आमच्या साहेबांपुढे साक्षीदार शेजारणीच्या जावेचं म्हणणं सांगत पाऊण तास घालवायचा आणि मला ते सगळं उतरवावं लागायचं. पण अडखळणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवून हशा पिकवायचा, हे मला नाही पटलं. कोर्टात गरीब माणूस बहुधा अडखळतोच.

पगाराची गोष्ट मात्र मी चवीने सांगते. वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर, काम ५२ दिवस. भागून बघा, दिवसाला नऊ लाख डॉलर. दर तीन वर्षांनी वाहिनीच्या साहेबांबरोबर जेवायला जायचं आणि आपल्या अटी लिहिलेलं पाकीट त्यांच्या हातात द्यायचं. एका वर्षी साहेबांनीही स्वतःचं पाकीट आणलं, तर बाईंनी ते उघडूनही पाहिलं नाही. उघडलं तर ती घासाघीस होईल, म्हणाल्या.

आणि एक गोष्ट टोचली. शेजारी उभे असायचे ते पेट्री हॉकिन्स बर्ड, तिथले ‘बेलीफ’. (आपला बेलीफ समन्स बजावतो, जप्तीला जातो, तिथला कोर्टातच थांबून शिस्त राखतो.) कौटुंबिक न्यायालयापासूनची त्यांची ओळख. कार्यक्रम येणार कळल्यावर त्यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि गणवेश मला अजून शोभतो, असंही त्यात लिहिलं. मग २५ वर्षं सोबत राहिले. २०२१ मध्ये तो कार्यक्रम संपून बाईंचा नवा आला. त्यात नात कायद्याची मदतनीस झाली, बर्डना मात्र बोलावलं नाही. त्यांनी स्वतः चौकशी केली तेव्हा कळलं. मी शेवटी जजसाहेबांच्या डाव्या हाताला बसणारी बाई. माझं मन बर्डकडेच जाणार.

प्रश्न : मेहुण्याला ट्रॅक्टरसाठी दीड लाख उसने दिले. आता तो म्हणतो, ‘ते तर बहिणीला दिलेले होते.’ आपल्याकडे असं झटपट कोर्ट आहे का?
— एक वाचक, जत

ज्युडीबाईंपुढे असली भांडणं रोज यायची. उसने की भेट? आपल्याकडे जवळचं म्हणाल तर लोकअदालत. तालुका विधी सेवा समितीकडे दावा लावण्याआधीही अर्ज देता येतो. तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही. पण तिथलं पॅनेल निकाल लादत नाही; मेहुण्याने होकार दिला तरच. आणि पैसे त्याच्याच खिशातून येणार, कुठल्या वाहिनीच्या नाही.

तोवर एक करा. अशा उसन्या पैशांच्या दाव्याला सर्वसाधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं लेखी कबूल केलं, तर तिथून पुन्हा तीन वर्षं. तेव्हा बँकेच्या पासबुकात ती रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावावर गेली, ते आधी बघा. बहिणीच्या नावावर गेली असेल, तर मला पुन्हा पत्र लिहा.