तांबूस सळया आणि काँक्रीटची पकड

प्रश्न : स्लॅबसाठी आणलेल्या सळया महिनाभर पावसात पडून तांबूस झाल्या आहेत. त्यांना तेल किंवा रंग लावून घ्यावा का?

उत्तर : कृपा करून काहीही लावू नका! हात फिरवल्यावर नुसती तांबूस पूड लागत असेल, तर चिंता नाही. त्या खरखरीतपणाने पकड बिघडत नाही. पापुद्रे सुटत असतील तर मात्र तारेच्या ब्रशने घासा आणि सळईची जाडी घटली नाही ना, हे मोजा. तेल, रंग, चिखल हे पकडीचे खरे शत्रू.

सिमेंट सळईला चिकटते, पण तो चिकटपणा थोड्याशा ओढीनेही सुटतो. पुढचा भार घर्षण आणि मुख्यतः सळईवरचे कंगोरे पेलतात. ते काँक्रीटमध्ये दातांसारखे रुततात. प्रयोगशाळेत मी गुळगुळीत आणि कंगोरेदार सळया ठोकळ्यांतून ओढून पाहिल्या आहेत. गुळगुळीत सळई अलगद सरकत बाहेर आली. कंगोरेदार सळईने ठोकळाच उभा चिरला. म्हणूनच सळईभोवती पुरेसे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, हवे.

एकदा तुळईचे काँक्रीट फोडताना वरच्या सळयांखाली लांबट पोकळी दिसली. ताज्या काँक्रीटमधले पाणी वर चढते आणि आडव्या सळईखाली अडकते; तिथे पकड कमी होते. तेव्हापासून मी मिश्रणात जास्त पाणी ओतू देत नाही आणि व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) चालताना स्वतः उभा राहतो. तुम्हीही राहा. आणि सळईचे टोक काँक्रीटमध्ये नकाशात दाखवले आहे तितके आत जाऊ द्या. साधारणपणे ती लांबी व्यासाच्या 40 ते 50 पट असते.