वजन कमी केल्यावर दमा कायमचा जातो का? पंप बंद करता येतो का?

तुम्ही लिहिलंय वजन 98 आहे, दमा आहे, 15 किलो उतरवले तर पंप कायमचा सुटेल का. फरक पडतो, भरपूर पडतो. पण पंप आपल्या मनाने सोडायचा नाही, आणि हे मी स्वतः भोगून सांगतेय.

माझं वजन 94 होतं. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहायचे आणि कुणी जिना उतरताना दिसलं की चपलेचा पट्टा नीट करतेय असं दाखवायचे. सगळे म्हणायचे रोज चाल, अहो पण चालायला आधी श्वास पुरायला नको का! म्हणून मी आधी ताटातलं कमी केलं, रात्रीचा भात बंद, चहासोबतची खारी बंद, चालणं मागाहून. दहा महिन्यांत 81 वर आले. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायच्या नळीवर, सकाळी 240 यायचं ते 330 यायला लागलं, वहीत तारखेसकट लिहिलंय, आणि रात्री तीनला उठून उशीखाली पंप चाचपडणं थांबलं. पोटावरची चरबी फुप्फुसांना खालून दाबून धरते, ती पूर्ण फुगत नाहीत, नळ्याही अरुंद राहतात, तो दाब कमी झाला की साध्या श्वासालाच जागा होते.

मग दिवाळीच्या आधी मोठे दीर आले. म्हणाले, एवढी बारीक झालीस, आता कशाला पंप, त्याची सवय लागते. मलाही बरं वाटत होतंच, सकाळ-संध्याकाळचा पंप सोडला. तीन आठवड्यांनी चकल्या तळताना तेलाचा धूर झाला आणि छाती अशी आवळली की तोंडातून शब्द फुटेना. झारा हातात तसाच. मुलीने रिक्षा आणली, दवाखान्यात दोनदा नेब्युलायझर दिला तेव्हा सुटले. सवय पंपाची नसते हो, सूज आत असते, ती रोजच्या औषधाने दबलेली असते. दीर अजूनही म्हणतात धुरामुळे झालं. धूर तर दर वर्षीच असतो, त्या वर्षी पंप नव्हता.

फिनलंडमध्ये लठ्ठ दमेकऱ्यांवर अभ्यास झाला होता, 2000 साली छापून आला, 38 जण होते. डाएट केलेल्यांचं वजन सरासरी 14.5 टक्के उतरलं, वर्षाने त्यातलं थोडं परत चढून 11.3 टक्के कमी राहिलं, तरी त्यांची फुप्फुसं डाएट न केलेल्या गटापेक्षा चांगलीच होती. म्हणजे थोडं परत आलं तरी सगळं वाया जात नाही. माझेही चार किलो परत आलेत, जिना अजून न थांबता चढते. त्यांचं डाएट डॉक्टरांच्या देखरेखीत होतं पण, तसं कडक काही घरी करू नका.

आणि हो, लहानपणापासूनचा धूळ-परागकणांच्या ॲलर्जीचा दमा असेल तर माझ्याइतका फरक पडेलच असं नाही. आधी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या, धाप लागते म्हणजे दमाच असं नसतं. डोस कमी करायचा तर डॉक्टर पायरी-पायरीने करतात, माझा चार वर्षांत निम्मा झालाय. पंप मात्र पर्समध्ये असतो, दीर जेवायला येतात तेव्हासुद्धा टेबलावर समोर ठेवते.